मढच्या लग्नाचा डुक्कर

मुंबईहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलं? समुद्र बघितला का, नटनट्या दिसल्या का? मी म्हणते, डुकरं बघितली. लोक हसतात. मी हसत नाही म्हटल्यावर तेही थांबतात, आणि मग चहा येईपर्यंत हवापाण्याचं बोलतात.

मी मराठवाड्यातल्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात वराहपालन शिकवते. गाईम्हशी शिकवणाऱ्यांच्या घरी तूप पोचतं, कोंबड्या शिकवणाऱ्यांच्या घरी अंडी. माझ्या घरी कोणी काही पोचवत नाही. माझी जाऊ पाहुण्यांना "आमच्या बाई जनावरांचं शिकवतात" एवढंच सांगते आणि पोह्यांची बशी पुढं करते. माझे कामाचे बूट अंगणात, नळापाशी राहतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. माझी तक्रार नाही. हा विषय माझ्या वाट्याला आला तेव्हा तो कोणालाच नको होता, आणि शिकवायला लागल्यावर मला तो आवडला. डुक्कर हुशार जनावर आहे. मिळेल ते खातं, आणि काही बिनसलं की बोंब मारून सांगतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते. एवढी वर्षं शिकवूनही मी डुकराचं मटण कधी खाल्लं नव्हतं. घरात बोकडाचं चालतं, त्याच्यापलीकडं नाही.

गोरेगाव

हिवाळ्यात मला मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात अर्ध्या सत्रासाठी बोलावलं. शिकवायचं, आणि जोडीला खाडीपलीकडच्या गावांत लोक घरामागं डुकरं पाळतात, त्यांच्या खाण्यापिण्याचा आणि वाढीचा अभ्यास करायचा. राहायची सोय गोरेगाव पूर्वेला एका अतिथीगृहात होती. आजूबाजूला एवढी झाडी, की रिक्षावाल्यानं पत्ता चुकवला असं मला वाटलं. रखवालदारानं किल्ली देतानाच बजावलं, "मॅडम, अंधार पडला की फिरायला जाऊ नका हां. बिबट्या येतो." मुंबईला निघताना आमच्याकडं लोक सांगतात, पाकीट सांभाळा, पर्स पुढं धरा. बिबट्याचं कोणी बोललं नव्हतं.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, एक डाउट आहे. टेस्टला कसं असतं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. मऊपणा, रसाळपणा, चरबीचं प्रमाण, त्यावर खाद्याचा होणारा परिणाम.

"ते बुकात आहे मॅडम. तुम्हाला कसं लागतं?"

"मी खाल्लेलं नाही."

वर्गात जो काही गोंधळ झाला, तो मी इथं लिहीत नाही. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी, प्राची नावाची, शांतपणे म्हणाली, "म्हणजे स्विमिंगचे सर आणि पाण्यात कधी उतरलेच नाहीत, असं झालं ना मॅडम?" आमच्याकडं मास्तरांशी एवढं बोलायला पोरांना डिग्री हातात पडेपर्यंत वाट बघावी लागते. मला राग यायला हवा होता. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून अभ्यासाच्या कामाला मी तिलाच बरोबर घेतलं. तिच्याकडं स्कूटी होती हेही एक कारण होतं.

फेरीतून मढ

वर्सोव्याहून मढला जायला फेरी असते. तिच्यात माणसं चढतात, टोपल्या चढतात, स्कूट्याही चढतात. पलीकडचा किनारा अगदी समोर दिसतो, दहा माणसं चढून बसेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढाही पलीकडं जायला लागत नाही. पण पलीकडं उतरलं की मुंबई मागं राहते. होड्या, वाळत घातलेले बोंबील, घराच्या अंगणात क्रूस, आणि मधूनच उंच भिंतींचे बंगले. त्या बंगल्यांत सिनेमा-मालिकांची शूटिंग होतात. शूटिंगचं उरलेलं जेवण संध्याकाळी बादल्या भरून गावातल्या डुकरांना जातं. पनीर, जिरा राइस, कधी गुलाबजामसुद्धा. खाद्याचं गणित मांडताना रकान्यात मी 'गुलाबजाम' असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

आमचं काम साधं होतं. प्रत्येक घरी जायचं, डुकरांच्या छातीला टेप लावून वजनाचा अंदाज घ्यायचा, काय खायला घातलं ते विचारायचं. एका खोपट्यातून दुसऱ्या खोपट्यात रोग जाऊ नये म्हणून दारात औषधाचं घमेलं ठेवून बूट बुडवायचे. गावच्या बायकांना याची फार गंमत वाटे.

"डुकरांचे घरात पाय धुऊन जाते, आन आमचे घरात तशीच येते," असं सिसिल मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या.

सिसिल मावशी म्हणजे साठीच्या पुढची, लुगडं नेसणारी, आवाजानं आधी आणि अंगानं मागाहून येणारी बाई. ईस्ट इंडियन ख्रिस्ती. या लोकांची मराठी आपलीच, फक्त तिच्यात 'ळ' आणि 'ण' यांना कोणी बोलावत नाही. घरात त्या आणि त्यांचा मुलगा रूबेन. रूबेन त्या शूटिंगच्या बंगल्यांमध्ये लायटिंगचं काम करतो, त्यामुळं गुलाबजामवर पहिला हक्क यांच्या डुकरांचा. मागच्या अंगणात विहीर, आणि विहिरीपलीकडं खोपटी. एकात एक जुनी डुकरीण, तिला सगळे म्हातारी म्हणत. तिची या वेताची पिल्लं. आणि दुसऱ्या खोपट्यात एकटाच, पांढऱ्या पट्ट्याचा, भला दांडगा खच्ची डुक्कर.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव कशाला? लग्नाचा हाय तो." मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नाव ठेवला तर कापवत नाय."

रूबेनचं लग्न जानेवारीत होतं. लग्नाच्या पंगतीला डुकराचं मटण लागतं, आणि ते घरचं लागतं. मी सहज म्हटलं, अडलं तर बाजारातून आणता येईलच की. मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, की टेप माझ्या हातात तशीच राहिली.

"पोराचे लग्नात बाजारचा? ऐक. ही म्हातारी माजे नवऱ्याने आनली, एवढीशी व्हती, टोपलीत घालून. तो गेला. आता पोराचे लग्नात बाप नाय. बापाचे डुकरीनीचा पोर तरी पंगतीला पायजे का नको?"

चहा आला, बरोबर फुगे आले, हे तळलेले गोल पाव असतात, आतून पोकळ. मी चार खाल्ले. आमच्याकडं डुकरं पाळणाऱ्यांची घरं गावाच्या कडेला असतात, आणि त्यांच्या घरी चहा घेणाऱ्याची गावात चर्चा होते. इथं डुकरं पाळणारी बाई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते आणि पोराच्या लग्नात त्या डुकराचा मान असतो. दोन्ही गावं एकाच राज्यात आहेत, दोन्हीकडं मराठी बोलतात. मी फक्त सांगते आहे.

चारकोपचं जेवण

नाताळ होऊन गेल्यावर एका रविवारी प्राचीनं घरी जेवायला बोलावलं. चारकोपला सेक्टरमधलं बैठं घर, वर एक मजला चढवलेला. तिचे आजोबा मिलमध्ये होते, वडील तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मोटारी दुरुस्त करतात, म्हणजे पंपाच्या. आई मूळची मालवणकडची. ताटात बांगडे, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, भात, सोलकढी. आमच्याकडं पाहुण्याला 'घ्या घ्या' करतात. इथं विचारत नाहीत, सरळ वाढतात.

वडिलांनी माझा विषय ऐकून घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुमी डुकरांचो अभ्यास करतास ना? मग आमच्या गावच्या रानडुकरांका कायतरी सांगा. शेतात काय म्हणान ठेवनत नाय."

"बाबा, पाळीव डुकरं शिकवतात त्या."

"मग ती रानातली कोण शिकवता?"

मी बांगड्याचा काटा काढायला घेतला. तेवढ्यात प्राचीचा फोन वाजला. रूबेन होता. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "मॅडम, वाट लागली. त्यांची डुकरं झटके देऊन पडतायत. एक पिल्लू मेलं."

आम्ही ताटावरून उठलो. तिची आई म्हणाली, "अगो, सोलकढी तरी पी." मी उभ्यानं प्यायले.

विहीर

स्कूटीवरून मढला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच रोग होता. आफ्रिकन स्वाइन फिवर. माणसाला तो होत नाही, पण डुकरांना झाला तर लस नाही की औषध नाही. एका घरी सापडला, की ठरलेल्या अंतरातली सगळी डुकरं मारून पुरतात, मग ती आजारी असोत की नसोत. मढमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाव जमा झालं होतं.

मेलेल्या पिल्लाचे कान लालसर होते. त्या रोगात कान असेच लाल होतात, ते मला आवडलं नाही. म्हातारी भिंतीला डोकं टेकून उभी होती. लग्नाचा डुक्कर कुत्र्यासारखा ढुंगणावर बसला होता, नाकपुडी थरथरत होती. मग मान मागं गेली, तो दोन पावलं उलटा चालला आणि आडवा पडून पाय झाडायला लागला. थोड्या वेळानं उठला. हात डोळ्यांपुढं हलवला तर पापणी लवली नाही. त्याला दिसत नव्हतं.

मी ताप बघितला. ताप नव्हता, कोणालाच नव्हता. थोडं बरं वाटलं. पण नुसत्या थर्मामीटरवर विश्वास ठेवून गप्प बसता येत नाही. संशय आला तर कळवायचं, असा नियम आहे, आणि तो मीच वर्गात शिकवते. मी सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते आले, पिल्लाचे आणि बाकीच्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, आणि सांगून गेले, रिपोर्ट येईपर्यंत गावातून डुक्कर बाहेर जायचं नाही, आत यायचं नाही, कापायचं नाही.

"तू फोन केलास?" मावशींनी विचारलं.

"हो."

"माजे पोराचे लग्न तोंडावर, आन तू फोन केलास?"

मागून कोणी बाई म्हणाली, "हीच घेऊन आली रोग. घरोघरी फिरते टेप घेऊन." दुसरीनं हो म्हटलं. मी घमेल्याकडं बघितलं. बूट मी दरवेळी बुडवले होते, पण मढमध्ये त्या क्षणी कोणाला त्याचं काही नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरी लागायचं ते लागलं. रडू नको, आधी डुक्कर बघ, असं मी स्वतःला म्हटलं.

मग मी डुक्करच बघितला. तो पुन्हा तसाच बसला, तशीच नाकपुडी थरथरली, मान तशीच मागं गेली. पुन्हा उठला, पुन्हा थोड्या वेळानं तेच. प्रत्येक झटका पहिल्यासारखा, ठरावीक अंतरानं. तापाच्या रोगात असं होत नाही. असं होतं ते दुसऱ्याच कशानं, आणि ते मी पुस्तकात शिकवलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"रूबेन, या दोन-तीन दिवसांत काय खायला घातलंत?"

"बंगल्यातलं शूट पॅकअप झालं ना मॅडम. जेवण बंद. मग शेजारच्या कोळणीकडून खाऱ्या मासळीची डोकी-शेपट्या आणल्या. आवडीनं खाल्लं त्यांनी."

"आणि पाणी?"

तो आईकडं बघायला लागला. मावशींनी विहिरीकडं हात केला. विहीर उपसलेली होती, गाळ काढलेला, कठड्याला नवा चुना. लग्नाच्या आदल्या दिवशी या लोकांत उंबराचं पाणी असतं. बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी काढतात. त्यासाठी विहीर लखलखीत लागते. ती उपसली, तेव्हापासून घर टँकरच्या पिंपांवर चाललं होतं, आणि डुकरांना भांडी धुतलेलं काय ते घोटभर पाणी.

"आज सकाली झरा लागला, पानी चढला," मावशी म्हणाल्या. "पयला पानी त्यांनाच घातला मी. बिचारी तानेली व्हती. टाकी भरून दिली, पोट फुटेपर्यंत प्याली."

मी त्यांना समजावून सांगितलं, वाचणाऱ्यांनाही सांगते. डुकराच्या पोटात मीठ गेलं आणि वर पाणी मिळालं नाही, तर ते मीठ अंगात साठतं, मेंदूतसुद्धा. मग एकदम भरपूर पाणी प्यायलं, की पाणी त्या मिठाकडं धावतं आणि मेंदू सुजतो. खारी मासळी, कोरडी विहीर, आणि मग माया. तिन्ही एकत्र यायला लग्नघरच लागतं.

मावशी कठड्यावर बसल्या. त्यांच्या लुगड्याला चुना लागला, त्यांना कळलं नाही. "म्हंजे मीच मारला?"

"मेलेले नाहीत अजून," मी म्हटलं. हे दिलासा म्हणून म्हटलेलं नव्हतं, खरं होतं म्हणून म्हटलं.

तांब्या

माझ्या बॅगेत झटके थांबवायचं औषध होतं. मी सुई भरायला घेतली, तेव्हा मावशींनी हात धरला.

"सुई मारलीस तर खाता येईल?"

"लगेच नाही. औषध मांसातून जायला दिवस लागतात."

"लग्नाला?"

"लग्नाला नाही."

"नाय मारली तर मरल?"

"मरेल, किंवा नाही मरणार. सांगता येत नाही."

"तू काय करशील?"

"डुक्कर माझा नाही, मावशी."

"तुजा नाय ते मना ठाव हाय. तुला इचारते मी. शिकलेली हायस ना तू?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. परीक्षेत मी तो विचारते, पण तिथं डुक्कर नसतो. मी म्हटलं, म्हातारीला सुई देऊ, ती काही पंगतीची नाही. पिल्लांनाही देऊ. लग्नाच्याला पाण्यावर ठेवू. पण झटके वाढले तर मी विचारणार नाही, सरळ सुई मारीन, मग पंगतीत काय वाढायचं ते तुमचं तुम्ही बघा. मावशींनी मान हलवली.

पाण्यावर ठेवायचं म्हणजे पाणी तोडायचं. टाकी उपडी केली. आता घोट घोट द्यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा घोट. मीठ जसं हळूहळू चढलं तसं हळूहळू उतरायला हवं. मावशींच्या देवघरातला, म्हणजे क्रूसाखालच्या फळीवरचा, तांब्या घेतला. तांब्यातून पसरट ताटलीत ओतायचं, ते संपलं की ताटली काढून घ्यायची. आम्ही पाळ्या लावल्या. मी, प्राची, रूबेन. लग्नाचा ताटली चाटून किंचाळायचा. डुकराचं किंचाळणं ज्यानं ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. मावशी कानांवर हात घेऊन आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या.

"तानेल्याला पानी नाय बोलायचा नसता गं! पाप लागतो."

"लागू दे मला," मी म्हटलं.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो, पुढच्या पाळ्या रूबेनवर सोपवून. फेरीत बसल्यावर मघाचं रडू आलं. मी येऊ दिलं. प्राची दुसरीकडं बघत होती. शहाणी पोरगी आहे.

सकाळी पोचलो, तेव्हा आणखी एक पिल्लू गेलेलं होतं. म्हातारी बसून होती, मान थोडी कलती, पण शांत. रूबेनचे डोळे लाल. लग्नाच्याला झटके येत होते, पण कमी. पाठीचा कणा उन्हात पडलेल्या दोरीसारखा सैल. मी तांब्या उचलला, ताटलीवर ठेवला, टण् असा आवाज झाला. त्यानं मान वळवली. आवाजाकडं नाही, तांब्याकडं. मी तांब्या डावीकडं नेला, त्याची नजर डावीकडं गेली.

"दिसतंय त्याला," प्राची म्हणाली. "मॅडम! दिसतंय!"

मला एवढा आनंद झाला की मी त्या डुकराचा कान धरून हलवला. असं करू नये, पुस्तकात नाही. त्यानंतर दोन दिवस आम्ही त्याला पाणी पाजत राहिलो, आणि तांब्या वाजला की तो उठून उभा राहायला लागला.

रिपोर्टचा फोन आला तेव्हा मी वर्गात पिल्लांच्या लोहाच्या इंजेक्शनवर बोलत होते. फिवर नाही, नमुने साफ. मी फोन ठेवला आणि प्राचीकडं बघून नुसती मान हलवली. "झकास!" ती एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या वर्गातले सर डोकावले.

मढमध्ये माझी माफी वगैरे कोणी मागितली नाही. ज्या बाईनं रोग आणल्याचं म्हटलं होतं, तिनं सुके बोंबील पाठवले, वर्तमानपत्रात बांधून. मी ते घेतले.

उंबराचं पाणी

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कसाई येणार होता. मी त्या दिवशी सकाळी मुद्दाम लेक्चर ठेवलं. कत्तलखान्यात मी शेकडो डुकरं बघितली आहेत, विद्यार्थ्यांना घेऊन गेले आहे, टक्केवारी मांडली आहे. तरीही ठेवलं.

दुपारनंतर पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता. खोपटं धुऊन काढलं होतं आणि त्यात भाड्याच्या खुर्च्या रचल्या होत्या. पलीकडं म्हातारी कलती मान घेऊन भाजीची देठं खात होती. थोड्या वेळानं बँड सुरू झाला, लुगडी नेसलेल्या बायका वाजतगाजत विहिरीवर गेल्या, कळशीत पाणी भरलं. मावशींनी मलाही ओढून नेलं आणि कळशीचा दोर हातात दिला. मी ओढली. पाणी गोड होतं, नंतर पिऊन बघितलं.

चुलाण्यावर भला मोठा टोप होता. व्हिनेगर, लसूण आणि त्यांच्या त्या बाटलीतल्या मसाल्याचा वास गल्लीपर्यंत जात होता. मी लांबूनच जात होते, तेवढ्यात मावशींचा आवाज आला.

"थांबा, थांबा! मीठ कोनी बघायचा नाय. मिठाची डॉक्टरीन आली, तीच बघंल."

बायका हसल्या, वाट झाली, आणि मी टोपासमोर उभी राहिले. मावशींनी डावानं रस्सा आणि एक तुकडा वाटीत काढला, माझ्यापुढं धरला. अंगणातला बँडसुद्धा थांबला, निदान मला तसं वाटलं. प्राची कानाशी कुजबुजली, "मॅडम, प्रॅक्टिकल."

मला घर आठवलं, नळापाशी ठेवलेले बूट आठवले. मग तांब्याकडं वळलेली ती मान आठवली. नको म्हणता आलं असतं, मावशींनी समजून घेतलं असतं, बोकडाचंही होतं. पण मी त्याला वाचवलं होतं ते कशासाठी, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता वाटी परत केली असती तर ते सगळं पाणी कशाला पाजलं, हे मलाच सांगता आलं नसतं.

मी खाल्लं. आंबट लागलं आधी, मग तिखट, मग चरबीचा गोडवा. मांस मऊ होतं. सावकाश चावलं. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय?"

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"परत बोल."

"कमी आहे मावशी. थोडं घाला."

मावशी हसायला लागल्या, हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्यांनी मिठाची बरणी उघडून माझ्या हातात दिली. "तूच घाल. तुला म्हाईत, त्याला किती सोसतो ते."

मी चिमूट घातली. मग पंगतीला बसले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.